मसावि एक

दुंदोच्या शाळेत मी अकरा वर्षं गणित शिकवते.
मसावि म्हणजे मुलांना उतरायचा एक कंटाळवाणा जिना:
भाग द्या, बाकी खाली घ्या, पुन्हा भाग द्या,
शेवटी जे सापडेल त्याला चौकट करा.
लुआंडात मीही तशीच शिकले
आणि तशीच पुढे देत आले,
चुकून आपल्या दारात पडलेलं पत्र
न उघडता शेजारी द्यावं तसं.

साकाउंबा आमच्या शाळेचा पहारेकरी.
पाळी संपली तरी घरी जात नाही.
आंब्याखाली उकिडवा बसून
तळहाताच्या कडेनं वाळू सारखी करतो,
कुणी झोपून उठलेल्या अंथरुणासारखी.
मग दोन बोटांनी ठिपके.
पाच ओळी, ओळीत सहा.
मोजत नाही; बोटांमधलं अंतर हीच त्याची पट्टी.

मग तर्जनी टेकते
आणि रेघ तिरकी निघते,
काठाशी वळते, दोन ठिपक्यांमधून निसटते,
आपल्याच जुन्या वाटेला ओलांडून जाते.
बोट उचलायचं नाही. गोष्टही थांबवायची नाही.
गोष्ट सशाची होती की मेलेल्या सरदाराची,
मला आठवत नाही.
मी बोटाकडे बघत होते.
जिथून निघालं तिथंच येऊन ते थांबलं
तेव्हा तीसच्या तीस ठिपके
आपापल्या घरात बसले होते.

सहावीतली झेफा म्हणाली, एक ओळ कमी केली तर?
चार ओळी, ओळीत सहा.
रेघ लवकरच घरी परतली. जाळी अर्धीच.
दुसरी रेघ काढावी लागली.
आणि सहा बाय सहा?
म्हातारा हसला. सहा रेघा, सुट्या,
एकीचा पाय दुसरीच्या अंगणातून जातो,
पण भेट नाही.
"आम्ही सहा भाऊ," तो म्हणाला,
"तेच नाक, तोच हट्ट, तीच शेतं.
सगळं सारखं. म्हणून प्रत्येकजण
आपल्याच भोवती फिरून आपल्याच दाराशी."

माझ्या डोक्यात खडू करकरला.
पाच-सहा: एक. चार-सहा: दोन. सहा-सहा: सहा.
अकरा वर्षं चौकटीत कोंडलेला आकडा
वाळूत रेघा मोजत होता.

"आणि हे?" मी पाच-सहाकडे बोट केलं.
तो बराच वेळ बोलला नाही.
मग: "ती पठाराकडची. तिचा भाऊ पलीकडच्या सैन्यात.
मी पाण्याला मेया म्हणायचो, ती ओवावा.
घडा एकच होता."
एवढंच. मग त्यानं तळहात फिरवला
आणि सगळं पुसून टाकलं,
कारण पुसायचंच असतं.

पुस्तकात अशा जोडीला सहमूळ म्हणतात.
मला ते नाव नेहमी चुकीचं वाटायचं:
ज्यांचं मूळ कुठंच जुळत नाही
त्यांना सहमूळ?

दुसऱ्या दिवशी फळ्यावर ठिपके काढले.
सात ओळी, ओळीत आठ.
मुलं नेहमीसारखी कुजबुजत होती,
बाहेर खाणीचे ट्रक जात होते.
मी खडू टेकवला आणि निघाले.
वळणांवर मनगट दुखू लागलं.
खडू झिजत नखाएवढा झाला,
मग नखाखाली भुगा,
आणि शेवटचा कोपरा अजून बाकी.

दुसरा खडू टेबलावर होता.
घ्यायला हात उचलावा लागला असता.

मी कोरड्या बोटानं तशीच गेले,
वर, काठाशी, वळून खाली.
फळ्यावर काही उमटलं नाही.
वर्ग गप्प.
मग मागून झेफाचा आवाज:
"पोचली, बाई. जोडली."